मे महिन्यात कोकणात मोटरसायकल: घाम गळून उपयोग नाही, सुकला पाहिजे

प्रश्न थोडक्यात असा आहे: मेच्या तिसऱ्या आठवड्यात पनवेलहून वेंगुर्ल्याला मोटरसायकलने जायचंय, मागे पत्नी असेल. गेल्या वर्षी अशाच प्रवासात माणगावच्या कोंडीत चक्कर आली, मळमळलं आणि दुसरा दिवस डोकेदुखीत गेला. जॅकेट घातलं की उकाड्याने जीव नकोसा होतो, काढलं तर पडल्यावर कातडी सोलवटायची भीती. जॅकेटचं काय करावं, आणि हे अंतर एका दिवसात होईल का?

आधी सरळ उत्तर. जॅकेट घालाच, पण जाळीचं. एका दिवसाचा हट्ट सोडा, दोन दिवस करा आणि दुपारी ११ ते ४ गाडी सावलीत उभी ठेवा. पाण्याबरोबर मीठ पोटात गेलंच पाहिजे. गेल्या वर्षीची चक्कर ‘ऊन लागलं असेल’ म्हणून सोडून देऊ नका. ती उष्म्याने शरीर थकल्याची खूण होती आणि तिच्या पुढची पायरी उष्माघाताची असते. मी बरीच वर्षं उन्हाळ्यात कोकणात लोकांना मोटरसायकलवर घेऊन फिरतो आणि सोबतच्यांना प्रथमोपचार शिकवतो, त्यामुळे यातला प्रत्येक सल्ला कारणासकट देतो. कारण कळलं की रस्त्यात निर्णय घेणं सोपं जातं.

कोकणातला उकाडा आणि विदर्भातलं ऊन हे दोन वेगळे शत्रू आहेत. आपली कातडी साधारण ३५ अंशांची असते. शरीर उष्णता बाहेर टाकतं ते मुख्यतः घामातून, आणि तीही घामाची वाफ झाली तरच. १ लिटर घाम अंगावर सुकला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तोच घाम हनुवटीवरून टाकीवर ठिबकला तर जवळजवळ काहीच नेत नाही, तुमचं पाणी आणि मीठ तेवढं जातं. आता चंद्रपूरला ४२ अंश आणि १५ टक्के आर्द्रता धरा, चिपळूणला ३४ अंश आणि ६५ टक्के. चिपळूणच्या हवेची घाम ओढून घ्यायची ताकद चंद्रपूरच्या निम्मीच भरते. वेट बल्ब तापमान, म्हणजे ओलं फडकं वाऱ्यावर जास्तीत जास्त जितकं गार होऊ शकतं ते, चंद्रपूरला २२ अंशांच्या आसपास येतं आणि चिपळूणला २८ च्या वर. पारा आठ अंशांनी कमी असूनही चिपळुणात शरीराला थंड होणं अवघड जातं, ते यामुळे.

म्हणूनच हवामान खातं मैदानी भागात पारा ४० ला पोचल्यावर उष्णतेच्या लाटेचा विचार करतं, किनारपट्टीवर मात्र ३७ पासूनच. १६ एप्रिल २०२३ ला खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात उघड्या मैदानात बसलेल्या १४ जणांचा मृत्यू झाला, त्या दिवशी नवी मुंबईचा पारा ३८ अंशांच्या आसपास होता. ‘आमच्याकडे कुठे ४५ असतं’ असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी ही तारीख सांगतो.

या सगळ्यात मोटरसायकलवाल्याच्या बाजूने एक मोठी गोष्ट आहे: वारा. ४२ अंशांचा वारा कातडीपेक्षा गरम असतो, तो अंग भाजतो. तिथे जॅकेटच्या झडपा बंद ठेवून, आतला शर्ट ओला करून जाणं बरं पडतं. कोकणातला ३३-३४ अंशांचा वारा कातडीपेक्षा किंचित गार असतो आणि हवा दमट असली तरी अंगावरून सतत वाहत राहिला तर तो घाम सुकवतो. त्यामुळे किनाऱ्यावर एकच हिशोब धरायचा: चालत्या गाडीवर वारा ओल्या कातडीपर्यंत पोचू द्यायचा, आणि वारा थांबला की लगेच सावली आणि पाणी शोधायचं. तुम्हाला चक्कर कोंडीत आली, पळत्या गाडीवर आली नाही, यात मला नवल वाटत नाही. गाडी उभी, वर ऊन, खाली सिमेंटचा तापलेला रस्ता, मांड्यांमध्ये इंजिन, डोक्यावर हेल्मेट आणि वारा शून्य.

आता कपडे. जॅकेट छाती, पाठ आणि बाह्या तिन्हीकडे जाळीचं हवं. पुष्कळ जॅकेटांना छातीवर जाळी असते आणि पाठ बंद असते. मग पुढून शिरलेल्या वाऱ्याला बाहेर पडायला वाट राहत नाही, जॅकेट फुग्यासारखं फुगतं आणि आत घाम तसाच. दुकानात पाठीची बाजू उजेडासमोर धरून बघा, उजेड दिसला पाहिजे. जाळीचं कापड घसरताना जाड कापडाइतकं टिकत नाही, हे खरं आहे. युरोपच्या ईएन १७०९२ या मानकात अशी बरीच जॅकेटं ‘ए’ या खालच्या वर्गात बसतात, जाड कापडाची आणि चामड्याची वरच्या वर्गात. तरी खांद्याचे, कोपराचे आणि पाठीचे पॅड चांगले असतील तर नुसत्या टी-शर्टपेक्षा ते कितीतरी पटींनी बरं. पाठीचा पॅड भोकांचा घ्या. जॅकेटबरोबर फुकट मिळणारा फोमचा तुकडा वाचवत नाही आणि घाम मात्र धरून ठेवतो.

आतला कपडा हा लोकांचा दुबळा मुद्दा. सुती बनियान घरात उत्तम, पण चार तासांच्या दमट प्रवासात ते पाणी पिऊन जड होतं, अंगाला चिकटतं, सुकत नाही आणि शिवणी काचायला लागतात. खेळाडू वापरतात तसा पातळ, अंगाबरोबर बसणारा, पॉलिएस्टरचा पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घ्या. तो घाम पसरवतो, पसरलेला घाम लवकर सुकतो. पँटच्या आतही तसंच. जीन्सच्या जाड शिवणीवर दिवसभर बसलं की मांड्यांच्या आत सोलवटतं आणि वर घाम मुरला की चार दिवसांत गजकर्ण उभं राहतं. निघताना जांघेत आणि मांड्यांच्या आत पेट्रोलियम जेली लावा, मुक्कामाला पोचल्याबरोबर आंघोळ करून अंग कोरडं करा आणि ओले कपडे पुन्हा चढवू नका. घामोळं आलं असेल तर तेवढ्या भागातून घाम नीट बाहेर पडत नाही, म्हणजे त्या माणसाची थंड व्हायची क्षमता आधीच घटलेली असते. अंगभर घामोळं असताना लांबचा प्रवास टाळा.

पाण्यात भिजवून घालायची थंडाव्याची जाकिटं मिळतात. नागपूर-अकोल्याकडे ती छान काम करतात. कोकणात त्यांच्यातलं पाणी सुकतच नाही, तासाभरात अंगावर कोमट ओलं ओझं राहतं. ते पैसे जॅकेट आणि हेल्मेटवर घाला.

हेल्मेट पूर्ण चेहऱ्याचं, आयएसआय खुणेचं, हनुवटीला आणि कपाळाला हवेची भोकं असलेलं. गावातल्या संथ रस्त्यावर काच थोडी उघडा. खुल्या रस्त्यावर डोळ्यांवर वारा आला की डोळे कोरडे पडतात आणि किडा आत गेला तर जागेवर अपघात. आत पातळ टोपी घाला, म्हणजे कपाळावरचा घाम आणि सनस्क्रीन डोळ्यांत उतरणार नाही. अस्तर निघतं असेल तर मुक्कामाला धुऊन पंख्याखाली सुकवा. काळी काच लावणार असाल तर पोलादपूर आणि खेडच्या मध्ये कशेडीचा बोगदा आहे हे लक्षात ठेवा: भर उन्हातून आत शिरल्यावर काही क्षण समोरचं काही दिसत नाही. मी पारदर्शक काच आणि गॉगल वापरतो आणि बोगद्याच्या आधी गॉगल काढतो.

गळ्याभोवती ओला पंचा जरूर गुंडाळा, फक्त दोन्ही टोकं जॅकेटच्या आत खोचा. वहिनींची ओढणीही तशीच आत खोचलेली हवी, कारण चेनमध्ये किंवा चाकात कापड अडकून होणारे अपघात फार वाईट असतात.

पाण्याकडे येतो. अशा हवेत जॅकेट घालून गाडी चालवताना तासाला अर्धा ते एक लिटर घाम जाऊ शकतो. तहान लागेपर्यंत थांबलात तर मागे पडता. दर वीस-पंचवीस मिनिटांनी चार-पाच घोट प्या. पाठीवर नळीची पाण्याची पिशवी असेल तर हे आपोआप होतं, बाटली डिकीत असली की राहून जातं. पण नुसतं साधं पाणी लिटरवर लिटर पीत राहणं हाही धोका आहे. घामातून मीठ गेलेलं असतं, वर पाणीच पाणी ओतलं तर रक्तातला सोडियम पातळ होतो आणि तेव्हाही डोकं दुखतं, मळमळतं, गोंधळल्यासारखं होतं. उन्हाचा त्रास समजून माणूस आणखी पाणी पितो आणि प्रकृती बिघडते.

ओआरएसच्या पुड्या सोबत ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे बनवल्याचं पुडीवर लिहिलेलं असतं, ते बघून घ्या आणि पुडीवर जितकं पाणी सांगितलंय तितक्यातच ती मिसळा. पुडी नसेल तर १ लिटर पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. याहून घट्ट करू नका. ज्यांना रक्तदाब, मूत्रपिंड किंवा हृदयाचा त्रास आहे, लघवी जास्त होण्याच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी मीठ-पाण्याचं प्रमाण स्वतःच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. मधुमेहींनीही ओआरएसमधली साखर हिशोबात धरावी, आणि इन्शुलिन टाकीवरच्या पिशवीत ठेवू नये. तिथे ते अक्षरशः शिजतं.

कोकणात तर पिण्याचा सगळा बंदोबस्त रस्त्याच्या कडेलाच आहे. ताक मीठ घालून, कोकम सरबत मीठ-जिरं घालून, लिंबू सरबत, कैरीचं पन्हं. शहाळं चांगलंच, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी, म्हणून त्याच्याबरोबर काहीतरी खारट खा. माझ्या मते सकाळच्या प्रवासाला सर्वांत उत्तम म्हणजे तांदळाची पेज, मीठ घालून, लोणच्याच्या फोडीबरोबर. पाणी, मीठ आणि पचायला हलका भात, तिन्ही एका वाडग्यात. जुन्या माणसांनी उन्हात शेतावर जाताना पेज का प्यायली, ते दमट हवेत चार तास गाडी चालवल्यावर नीट कळतं. वडे-कोंबडी रात्री मुक्कामाला. भरपेट जेवून दोन वाजता हेल्मेट चढवलं की झापड येणारच. बिअर तर वाटेत अजिबात नको.

किती प्यायचं याची खात्री लघवीवरून होते. रंग फिकट पिवळा असेल तर ठीक, गडद असेल किंवा चार-पाच तासांत लघवी झालीच नसेल तर पुढे जाऊ नका.

आता वहिनींबद्दल, कारण प्रश्नात त्यांचा उल्लेख एका शब्दात येऊन गेलाय. मागे बसणाऱ्याला तुमच्यापेक्षा बराच कमी वारा लागतो, तुमची पाठ तो अडवते. म्हणजे तुम्हाला ठीक वाटत असताना मागचं माणूस कढत हवेत बसलेलं असतं. आणि दुसरं, ज्याबद्दल कुणी बोलत नाही: वाटेत स्वच्छ स्वच्छतागृह मिळेल याची खात्री नसल्यामुळे पुष्कळ बायका प्रवासात पाणीच पीत नाहीत. दिवसभर ओठ ओले करण्यापुरतं पितात आणि संध्याकाळी डोकं धरून बसतात. मला याची फार काळजी वाटते, आणि यावर उपाय एकच आहे: थांबे आधी ठरवायचे आणि त्यांना निघायच्या आधी सांगायचे. पेट्रोल पंपांनी स्वच्छतागृह आणि पिण्याचं पाणी मोफत द्यायचं असतं, हक्काने मागा. तासा-सव्वातासाला थांबा, आणि थांबल्यावर ‘तुला जायचंय का’ असं विचारण्याऐवजी थांबाच अशा ठिकाणी घ्या जिथे सोय आहे. जाळीचं जॅकेट, हेल्मेट आणि पाण्याची बाटली त्यांचीही स्वतंत्र हवी. हेल्मेटमध्ये बोलायची यंत्रणा नसेल तर खूण ठरवा: खांद्यावर दोन थापा म्हणजे पहिल्या सावलीला थांब, कारण विचारू नकोस.

रस्ता आणि वेळ. मुंबई-गोवा महामार्गाने अंतर साडेचारशे किलोमीटरच्या आसपास आहे. पहाटे ५ ला पनवेल सोडा. पहाटे आर्द्रतेचा आकडा ८०-८५ दिसेल, त्याला घाबरू नका. हवा २६-२७ अंशांची असते, डोक्यावर ऊन नसतं, त्यामुळे वाऱ्याने अंग चांगलं गार राहतं. अंधारात गुरं आणि अर्धवट वळणरस्ते यांच्यामुळे कर्नाळ्यापर्यंत सावकाश जा. माणगाव-इंदापूरची गर्दी जागी व्हायच्या आत पार करा. सुट्टीच्या शनिवारी उशीर झाला तर तिथे अडकलातच. महाड-पोलादपूरचा पट्टा समुद्रापासून आत, सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे. तिथे खारे वारे उशिरा आणि थकून पोचतात, म्हणून किनाऱ्यापेक्षा पारा चढा असतो. तो पट्टा ९ च्या आत मागे पडला पाहिजे. साडेदहापर्यंत चिपळूण किंवा सावर्डे. तिथे खोली घ्या, तासांच्या हिशोबाने मिळते, आंघोळ करा, जेवा, झोपा. एसीची खोली मिळाली तर जरूर घ्या. ‘एसीतून बाहेर पडलं की बाधतं’ म्हणून लोक टाळतात, पण शरीराच्या आत साठलेली उष्णता बाहेर काढायला तीन-चार तासांच्या गार झोपेसारखं दुसरं काही नाही. ४ नंतर निघून अंधार पडेपर्यंत लांजा-राजापूर होतं. मुक्काम तिथे. दुसऱ्या दिवशी पहाटे निघालात तर नाश्त्यापर्यंत कणकवली-कुडाळ आणि ऊन चढायच्या आत वेंगुर्ला.

चौपदरीकरणात या महामार्गावरची जुनी सावलीची झाडं मोठ्या प्रमाणात गेली, त्यामुळे ‘वाटेत कुठेतरी झाडाखाली थांबू’ हा बेत आता धरवत नाही. थांबे पंप, हॉटेल, एसटी स्थानक असे छपराचे ठरवा. किनाऱ्याकिनाऱ्याने दिघी, दाभोळ, जयगडच्या फेरीबोटी घेत जाणं सुंदर आहे आणि दुपारनंतर समुद्राचा वाराही लागतो, पण त्याला तीन दिवस द्या.

कोंडीत अडकलात तर इंजिन बंद करा, जॅकेटची चेन पूर्ण उघडा, हेल्मेट काढून गाडी हाताने कडेला घ्या. दहा मिनिटांत हलण्याची शक्यता नसेल तर सावलीत जा. नुसती सावली दमट हवेत पुरत नाही, इथे पाणी कामाला लावा. दोन्ही हात कोपरापर्यंत गार पाण्याच्या बादलीत दहा-पंधरा मिनिटं बुडवून बसा. हातांतून रक्त भरपूर वाहतं, ते गार होऊन आत जातं. अग्निशमन दलातले जवान जॅकेट उतरवल्यावर हीच पद्धत वापरतात. पाणी सुकण्यावर ती अवलंबून नसल्याने आर्द्रता ९० टक्के असली तरी चालते. हॉटेलवाल्याकडे बादलीभर विहिरीचं पाणी मागितलं तर कोकणात कुणी नाही म्हणत नाही.

धोक्याच्या खुणा चढत्या क्रमाने ओळखा. पोटरीत गोळे येणं, डोकं ठणकणं, मळमळ, चिडचिड. त्याच्याही आधी गाडी चालवण्यात फरक पडतो: इंडिकेटर चालूच राहतो, आरशात बघणं बंद होतं, गिअर चुकतो, पुढच्या गाडीचा ब्रेक उशिरा दिसतो. उष्माघाताने मरणाऱ्यांपेक्षा या मंदपणात ट्रकखाली जाणाऱ्यांची मला जास्त भीती वाटते. अशा दोन चुका लागोपाठ झाल्या की थांबायचं, मग पुढचं गाव ५ किलोमीटरवर असलं तरी. भर उन्हात अंगावर काटा आला, थंडी वाजल्यासारखं झालं तर क्षणभरही चालवू नका.

माणूस असंबद्ध बोलायला लागला, झोकांड्या द्यायला लागला, बेशुद्ध झाला आणि अंग तापलेलं असलं तर तो उष्माघात समजा. शरीराच्या आत तापमान ४० च्या वर गेलेलं असतं. ‘अंग कोरडं पडलं तरच उष्माघात’ हा समज घातक आहे, श्रमाने आलेल्या उष्माघातात अंग घामाने निथळतही असतं. १०८ ला फोन करा आणि गाडीची वाट बघत बसू नका, थंड करायला तिथेच सुरुवात करा: हेल्मेट, जॅकेट, बूट काढा, नळीने किंवा बादल्यांनी सर्वांगावर सतत पाणी ओता, बर्फ मिळाला तर मान, काखा आणि जांघेत ठेवा, वारा घाला. पहिल्या अर्ध्या तासात उष्णता उतरली तर माणूस वाचण्याची शक्यता खूप वाढते. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी घालू नका. तापाची गोळी इथे उपयोगाची नाही. खिशातला कांदाही काही करत नाही, त्यात वेळ घालवू नका.

गाडीचं थोडक्यात. टायरमधली हवा पहाटे, टायर गार असताना, कंपनीने दिलेल्या आकड्याइतकी भरा. दुपारी तापलेल्या टायरचा दाब वाढलेला दिसेल, म्हणून हवा काढू नका. कूलंट आणि ऑइलची पातळी आदल्या दिवशी बघा, रेडिएटरचा पंखा फिरतो ना याची खात्री करा.

वळवाची सर आली तर पहिली पंधरा मिनिटं थांबा, रस्त्यावरचं ऑइल आणि धूळ मिळून निसरडं होतं. रेनकोट चढवला असेल तर पाऊस थांबताक्षणी काढा. सरीनंतर वाफ उठते, हवा आणखी कुंद होते आणि रेनकोटच्या आत वारा मुळीच पोचत नाही.

निघायला अजून दोन आठवडे असतील तर आजपासून रोज संध्याकाळी तासभर, दोघांनीही, अंगाला घाम येईल असं चालायला सुरुवात करा. शरीराला उष्म्याची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. मग घाम लवकर सुटतो आणि त्यातून मीठ कमी जातं. दिवसभर एसी कार्यालयात बसणाऱ्याला याची गरज जास्त. आणि निघायच्या आदल्या दोन-तीन दिवसांत दोघांपैकी कुणालाही ताप, जुलाब किंवा उलट्या झाल्या असतील, झोप झाली नसेल, किंवा सर्दीसाठी गुंगी आणणारी गोळी चालू असेल, तर त्या दिवशी मोटरसायकल काढू नका. कोकण रेल्वेने कुडाळला उतरा, तिथून वेंगुर्ल्याला एसटी आहे.